टाकीतलं शिळं पाणी
घरातली यंत्रं : लेखांक ५

होळी झाली की नांदेड-लातूरच्या बाजारात दुकानांपुढे पत्र्याचे कूलर उभे राहतात आणि गवताच्या ताट्यांच्या थप्प्या लागतात. घरोघरी माळ्यावरचा, गच्चीवरचा जुना कूलर खाली उतरतो, फडक्याने पुसला जातो, टाकीत पाणी पडतं आणि बटण दाबलं जातं. मागच्या लेखांकात आपण छताच्या पंख्याचा कंडेन्सर आणि बेअरिंग पाहिलं. कूलरची मोटारही त्याच जातीची असल्यामुळे तो भाग इथे थोडक्यात उरकतो. या वेळी मला मुख्यतः बोलायचं आहे ते पाण्याबद्दल. आपल्याकडचे कूलर बहुतेक वेळा पाण्यामुळे खराब होतात, आणि मराठवाड्यात पाण्याचा विषय निघाला की यंत्राचा हिशेब पाण्याच्या हिशेबापासून वेगळा करता येत नाही.

आधी कूलर थंडावा कुठून आणतो ते समजून घेऊ. माठातलं पाणी जसं बाहेर झिरपून, वाळून आतलं पाणी गार करतं, तसंच कूलर हवेला गार करतो. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती उष्णता ताटीतून जाणाऱ्या हवेतून घेतली जाते. म्हणून हवा जितकी कोरडी तितका कूलर जोरात. नांदेडला मे महिन्यात पारा ४२ अंशांवर आणि हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असेल, तर चांगल्या ताटीचा कूलर २७-२८ अंशांची हवा देऊ शकतो. तोच कूलर जूनच्या पहिल्या पावसानंतर, ३६ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असताना, जेमतेम ३०-३१ अंशांपर्यंत खाली येतो आणि वर खोलीत ओल भरतो ती वेगळीच. मेकॅनिकला बोलावून 'कूलर गार करत नाही' अशी तक्रार करण्याआधी बाहेरचं आभाळ बघावं, ते याचसाठी.

दोन शहरांतही थोडा फरक आहे. लातूर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर. नांदेड गोदावरीच्या काठी, बरंच खाली. त्यामुळे नांदेडचा उन्हाळा अंगावर जास्त येतो. पण लातूरच्या बाजूला आणखी एक गोष्ट घडली. जुन्या माळवदाच्या घरांत दुपार सुसह्य असायची, कारण दगड-मातीच्या भिंती हातभर जाड आणि वर मातीचं छत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याच जड भिंती आणि छतं झोपलेल्या माणसांवर कोसळली. नंतर उभी राहिलेली घरं हलक्या आणि पातळ बांधणीची. ती जीव वाचवणारी आहेत, पण ऊन अडवण्याच्या बाबतीत माळवदाची सर त्यांना नाही. सिमेंटच्या आणि पत्र्याच्या छताखाली कूलर चैनीचा उरत नाही, हे मनापासून मान्य करून पुढे बोलू.

आता पाणी. मध्यम आकाराचा कूलर भर उन्हाळ्यात तासाला सात-आठ लिटर पाणी उडवतो. दिवसाचे आठ तास चालला तर साधारण ६० लिटर. उडतं ते निव्वळ पाणी. त्यात विरघळलेले क्षार मात्र मागेच राहतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार ही स्वीकारार्ह मर्यादा आहे. म्हणजे अगदी पिण्याजोगं, या मर्यादेवरचं पाणी घातलं तरी रोजचे ३० ग्रॅम क्षार कूलरमध्ये उरतात. मार्च ते मे अशा तीन महिन्यांत हे अडीच किलोंच्या वर जातं. आपल्याकडच्या बोअरचं पाणी काळ्या कातळातून येतं आणि ते अनेकदा याहून जड असतं. टँकरचं पाणीही शेवटी कुठल्या तरी बोअरचं किंवा विहिरीचंच. नांदेडला विष्णुपुरीच्या जलाशयाचं नळाचं पाणी मिळतं तिथे परिस्थिती थोडी बरी, पण उन्हाळ्यात नळाला रोज पाणी नसलं की तिथेही टाकीत बोअरचंच पडतं.

हे क्षार कुठे जाऊन बसतात ते एकदा बघाच. ताटी काढून उन्हात धरा. वरची बाजू मऊ आणि पिवळसर दिसेल, खालच्या काठाला मात्र पांढरी, खडबडीत पापडी धरलेली असेल. नखाने ओढलं तर ती खपलीसारखी निघते. जिथे पापडी धरली तिथून हवा जात नाही, आणि पाणी तिला टाळून बाजूने ओघळतं. म्हणून कूलर चालू असताना ताटीवर कोरडे पट्टे दिसतात. कोरड्या पट्ट्यातून आलेली हवा बाहेरच्या लूइतकीच गरम असते. दुसरी जागा म्हणजे वरची पाण्याची नळी. तिची भोकं बारीक असतात आणि एकेक करून बुजतात. दाभण किंवा जाड सुई घेऊन प्रत्येक भोक मोकळं करायला दहा मिनिटं लागतात. या दहा मिनिटांनी जितका फरक पडतो तितका नवीन पंपानेही पडत नाही, असा माझा ठाम विश्वास आहे. तिसरी जागा पंपाची जाळी. पंप गुरगुरतो पण पाणी चढवत नाही, असं झालं की लोक थेट नवा पंप आणतात. आधी जाळी काढून धुवा, आतलं चक्र बोटाने फिरवून बघा. बहुतेक वेळा तिथे फक्त गाळ आणि गवताची काडी असते.

क्षार साचण्यावरचा उपाय साधा आहे: टाकीतलं शिळं पाणी वेळोवेळी काढून टाकणं. आणि नेमकं हेच आपल्या हातून होत नाही. त्यामागचं कारण मी आळस मानत नाही. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदीचं १४४ कलम लावावं लागलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, १० वाघिणींमध्ये साधारण पाच लाख लिटर पाणी घेऊन. पुढे ५० वाघिणींची गाडी एका फेरीत २५ लाख लिटर आणू लागली. मांजरा धरण कोरडं पडलेलं ज्यांनी पाहिलं, घागरी घेऊन रात्र रात्र ज्यांनी काढली, त्यांना टाकीतलं पाणी मोरीत ओतून द्या असं सांगणं सोपं नाही. म्हणून माणसं वरून भर घालत राहतात. पण हिशेब करून बघा. ४० लिटरच्या टाकीत आठवडाभर रोज ६० लिटरची भर पडली आणि एकदाही टाकी रिकामी झाली नाही, तर आठवड्याअखेर आत आलेले क्षार मूळ पाण्याच्या दहापटीहून जास्त होतात. त्यातले काही पाण्यात राहतात, बाकीचे ताटीवर आणि पत्र्यावर बसतात. मग ताटी लवकर निकामी होते, पत्रा गंजतो आणि पाणी वाचवण्याच्या नादात तेच पाणी कमी थंडावा देत उडून जातं.

मधला मार्ग आहे. अमेरिकेत अ‍ॅरिझोनासारख्या कोरड्या, जड पाण्याच्या भागातही असे कूलर वापरतात आणि तिथे टाकीतलं थोडं पाणी मुद्दाम बाहेर सोडत राहण्याची पद्धत आहे. आपल्याला तेच हिशेबाने करता येईल. एक दिवसाआड, रात्री शेवटची भर घालू नका. पहाटे टाकीत तळाचं पाच-सहा लिटर पाणी उरेल. तेवढंच बूच काढून बादलीत घ्या. दोन दिवसांच्या १२० लिटर वापरामागे सहा लिटर, म्हणजे विसावा हिस्सा. हे पाणी फेकायचं नाही. संडासात, अंगण धुवायला, गाडीची चाकं धुवायला ते चालतं. तुळशीला किंवा कुंडीला मात्र घालू नका आणि जनावरांपुढेही ठेवू नका, कारण सगळा क्षार त्यातच गोळा झालेला असतो.

आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासायची, ही गोष्ट मात्र वेगळ्या कारणासाठी आणि तिला सूट नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उन्हाळ्याच्या उष्णतेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस पुरतात. आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं सांगतं ते या गणितावरून. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही अनेक महिने टिकतात. पुन्हा पाणी लागलं की त्यातून अळ्या निघतात. म्हणून नारळाच्या काथ्याने किंवा कडक ब्रशने चारही भिंती आणि कोपरे घासा. आशाताई किंवा आरोग्य सेवक घरी आले आणि कूलरमध्ये अ‍ॅबेट हे अळीनाशक टाकू द्या म्हणाले तर नाही म्हणू नका.

लातूरच्या वसतिगृहांमध्ये आणि भाड्याच्या खोल्यांमध्ये राहणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे जास्त लक्ष देऊन वाचावं. मेच्या सुरुवातीला नीटची परीक्षा असते आणि त्याच्या आधीचे दोन महिने मुलं कूलरसमोर पुस्तक धरून बसलेली असतात. एका खोलीत तीन-चार मुलं, एक कूलर आणि टाकी घासण्याची जबाबदारी कोणाचीच नाही. परीक्षेच्या तोंडावर मूल तापाने आडवं पडलं तर वर्षाची मेहनत पणाला लागते. वार ठरवून, नाव लिहून भिंतीवर कागद लावा.

क्षाराची पापडी काढायला किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व पुरतं. कोमट पाण्यात विरघळवून पापडीवर लावा, अर्धा तास ठेवा, घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. संडास साफ करण्याचं अ‍ॅसिड वापरण्याचा मोह होतो, कारण ते झटपट पापडी उडवतं. पण ते पत्र्यावरचा जस्ताचा थरही खातं आणि पुढच्या वर्षी टाकी गळू लागते. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र तर कधीच नको. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत तो जीवघेणा ठरू शकतो. टाकीला बारीक भोक पडलं असेल तर गंज खरवडून, पूर्ण कोरडं करून एम-सील लावा आणि वरून डांबरी रंगाचा हात द्या. ओल्या पत्र्यावर लावलेलं एम-सील महिनाभरही टिकत नाही.

गवताच्या ताट्या दर वर्षी बदलाव्या. वाळ्याच्या ताटीला सुगंध असतो, खर्चही जास्त. मधमाश्यांच्या पोळ्यासारखे जाड कागदी पॅड व्यवस्थित धुतले तर दोन-तीन हंगाम जातात, पण जड पाण्यात त्यांच्या बारीक वाटा बुजल्या की त्या मोकळ्या करणं अवघड. ज्यांच्याकडे फक्त बोअरचं पाणी आहे त्यांनी गवतच वापरावं, असं माझं मत आहे. ते स्वस्त आहे आणि दर वर्षी टाकून देताना जीव अडकत नाही. कुठलीही ताटी असो, कूलर बंद करण्याआधी पंप बंद करून पंखा पंधरा-वीस मिनिटं तसाच चालवावा. ताटी वाळते आणि दुसऱ्या दिवशी कुबट वास येत नाही.

कूलर चांगला असूनही खोली गार न होण्याचं सगळ्यात मोठं कारण घरातल्या माणसांनीच तयार केलेलं असतं. एसी लावल्यासारखी सगळी दारं-खिडक्या बंद केलेली असतात. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. आतली हवा बाहेर गेली नाही तर खोलीत ओल साचते आणि घाम वाळत नाही. समोरची खिडकी किंवा दार हातभर उघडं ठेवा. कूलर खोलीत न ठेवता खिडकीत, बाहेरच्या बाजूला आणि शक्य तर सावलीत बसवा.

मोटारीबद्दल दोन वाक्यं. पंखा घुमतो पण फिरत नाही, हाताने ढकलला तर फिरू लागतो, असं झालं की कंडेन्सर गेला समजा आणि जुन्यावर छापलेल्या आकड्याचाच नवा बसवा. हंगामाच्या सुरुवातीला दोन्ही बुशांत मशीनच्या तेलाचे दोन-चार थेंब पुरतात.

शेवटची गोष्ट विजेची, आणि इथे जरा थांबतो, कारण दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. पत्र्याचा कूलर, आत पाणी, खाली ओली फरशी आणि अनवाणी पाय. पंपाची वायर पाण्यात असते. तिचं आवरण चिरलं की वीज पाण्यात आणि पाण्यातून सगळ्या पत्र्यावर उतरते. अनेक घरांत कूलरला दोनच वायरी जोडलेल्या असतात, तिसरी अर्थिंगची नसतेच, किंवा असते पण बोर्डाच्या मागे तिला काहीच जोडलेलं नसतं. इलेक्ट्रिशियनकडून एकदा अर्थिंग तपासून घ्या. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. वीज भलत्या वाटेने जाऊ लागली तर तो क्षणात पुरवठा तोडतो. आणि पाणी घालताना, ताटी काढताना, टाकीत हात घालताना बटण बंद करून थांबू नका, पिन बाहेर काढा. लोडशेडिंगमध्ये वीज नाही म्हणून टाकीत हात घातलेला असतो आणि तेवढ्यात वीज येते. लहान मुलांना भर घालायला लावू नका.

मृगाचा पाऊस पडला आणि हवेत ओल आली की कूलर आवरा. टाकी घासून उन्हात दोन दिवस वाळवा, गवत काढून टाका, पंप कोरडा करून पिशवीत घालून वेगळा ठेवा, बूच उघडंच राहू द्या. गच्चीवर ठेवणार असाल तर टाकी पालथी करा, नाहीतर जुलैत तिच्यातच पावसाचं पाणी साठून डास होतात. पुढच्या आठवड्यात फ्रिज: मागची जाळी, दाराचं रबर आणि कमी-जास्त दाबाच्या विजेपासून कॉम्प्रेसर कसा सांभाळायचा.