चोराची चाहूल देणारी किल्ली

परभणीच्या रुग्णाचा अहवाल आज मुंबईच्या डॉक्टरांकडे क्षणात पोहोचतो. वाटेत तो कुलूपबंद असतो. पण त्या कुलपाची किल्ली अवघड गणितावरून ठरते. उद्याचा शक्तिशाली क्वांटम संगणक ते गणित सोडवू शकेल. मग आज चोरून साठवलेला अहवालही उघडा पडेल.

यावर एक उपाय म्हणजे क्वांटम किल्ली. ती प्रकाशाच्या एकेका कणातून, म्हणजे फोटॉनमधून पाठवतात. वाटेत कोणी हे कण मोजू लागला की त्यांची अवस्था बिघडते, चुका वाढतात आणि चोरी उघड होते. अशी किल्ली टाकून देतात. बेनेट आणि ब्रासार्ड यांनी १९८४ मध्ये ही पद्धत मांडली. फेब्रुवारी २०२२ मध्ये डीआरडीओ आणि दिल्ली आयआयटीने प्रयागराज ते विंध्याचल ती ऑप्टिकल फायबरवरून करून दाखवली. हे अंतर १०० किलोमीटरहून अधिक, म्हणजे परभणीहून नांदेडच्याही पुढे.

अडचण आहे ती संख्येची. दोघांना एक किल्ली पुरते; दहा रुग्णालयांना परस्परांशी बोलायचे तर ४५ जोड्या होतात. मध्ये विश्वासाचे केंद्र ठेवले तर जोडण्या कमी लागतात. पण सगळ्या किल्ल्या तिथूनच जातात. म्हणून त्या केंद्राची राखण शेवटी माणसालाच करावी लागते.