घोडा घेण्यापूर्वीची तपासणी

आपल्या इंदूरच्या रस्त्यांवर टांगे आता फारसे दिसत नाहीत. परंतु वरातीच्या घोड्या आहेत आणि त्यांच्यावर पोट भरणारी कुटुंबेही आहेत. अशा घरात घोडी ही हौस नसते. तिचा पाय लंगडला की चूल थंडावते. म्हणून स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा हाच विषय मनात आला.

माझे एक मामू याच धंद्यातले. काही वर्षांपूर्वी मामींच्या बांगड्या गहाण ठेवून त्यांनी एका बाजारातून पांढरी शुभ्र घोडी आणली. मामूंना घोड्यातले कळत नव्हते असे नाही. भोवरे, देवमण, कानांची ठेवण, सारे त्यांनी पारखून घेतले होते. दोन दिवस घोडी डौलात चालली. तिसऱ्या दिवशी पुढच्या डाव्या पायाने लंगडू लागली. दुखणे जुने होते. विक्रीपूर्वी वेदनाशामक औषध देऊन ते झाकले असावे, असे डॉक्टरांचे मत पडले. तेच डॉक्टर आठ दिवस आधी बोलावले असते तर! मामूंची लग्नसराई बुडाली, आणि बांगड्या काही परत आल्या नाहीत.

सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या जत्रेत गेलेल्यांना ठाऊक आहे की पंचकल्याण, अबलख, नुकरा अशा शब्दांवर तेथे किमती चढतात. शुभलक्षणांवर कोणाचा विश्वास असेल तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. मात्र भोवऱ्यावरून खुरातले दुखणे कळत नाही. गंमत अशी की पशुवैद्यही भोवरे नोंदवतो. पण ते ओळख पटावी म्हणून, दाखला एका घोड्याचा आणि पदरात दुसराच, असे होऊ नये यासाठी.

पहिली गोष्ट ही की डॉक्टर आपण ठरवावा. विकणाऱ्याने आणलेला डॉक्टर कितीही सज्जन असला तरी त्याचा अशील विकणारा असतो. महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळ आहे. घोड्यांचा अनुभव असलेले डॉक्टर कोण, याची चौकशी तेथे करता येईल. घोडी कशासाठी हवी तेही त्यांना आधी सांगावे. शर्यतीला निरुपयोगी ठरणारा दोष वरातीच्या संथ चालीत चालून जातो. उलट फटाक्याला बुजणारी घोडी अंगाने धडधाकट असली तरी आपल्या कामाची नाही. पूर्वीचे सलोतरीही हे आधी विचारून घेत.

घोडी तबेल्यात विसावलेली असताना तपासणी सुरू व्हावी. आधीच फिरवून गरम केली असेल तर आखडलेला पाय मोकळा होतो आणि दोष लपतो. विश्रांतीत नाडी मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16 आणि ताप सुमारे 99 ते 101.5 अंश फॅरनहाइट, हे सर्वसाधारण मान. मग हृदयाचे ठोके, अंधारात बॅटरीने डोळे, प्रत्येक खूर उचलून आणि चिमट्याने दाबून पाहणे. त्यानंतर कठीण, सपाट जमिनीवर आधी पावलापावलाने आणि मग दुडकीने सरळ चालवतात, दोन्ही बाजूंनी गोल फिरवतात. एकेक पाय मिनिटभर दुमडून धरायचा आणि सोडताच दुडकीने पळवायचे, अशीही परीक्षा असते. सांध्यातले दुखणे तेव्हा उघडे पडते. शेवटी दमवून श्वास किती वेळात खाली येतो ते पाहतात. हे सारे घाईत उरकणारे काम नव्हे.

वयाबाबत फसवणूक फार. समोरचे पक्के दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीने येतात व पाचव्या वर्षी तोंड भरते. पुढे दातांवरचे खळगे झिजत जातात. वरच्या कोपऱ्याच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास एक खाच हिरडीपाशी दिसू लागते. पंधराव्या वर्षी ती अर्ध्यावर आणि विसाव्या वर्षी टोकाला पोचते. दहा वर्षांनंतर हा अंदाजच, हेही लक्षात ठेवावे. खळगे कोरून म्हातारा घोडा तरुण करणारे महाभाग जगात आहेत. परंतु खाच कोरून उपयोग नाही, कारण ती वय वाढलेलेच दाखवते.

रक्ताची तपासणी टाळू नये. ग्लँडर्स हा रोग घोड्यापासून माणसालाही होतो. 2009 च्या कायद्यानुसार त्याची सूचना सरकारला द्यावी लागते आणि रोग निश्चित झाल्यास जनावर दयामरणाने संपवावे लागते. हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात या रोगावर मोठे काम झाले आहे. त्याच वेळी वेदनाशामकांच्या तपासणीसाठीही रक्ताचा नमुना काढून ठेवण्यास सांगावे. मामूंच्या घोडीचे बिंग तेवढ्यानेच फुटले असते.

इसार देताना "डॉक्टरी तपासणीत घोडी पसंत न पडल्यास रक्कम परत" हे कागदावर लिहून घ्यावे. वस्तुविक्रीच्या 1930 च्या कायद्याचा सर्वसाधारण नियम असा की मालाचा दर्जा पाहून घेणे ही घेणाऱ्याची जबाबदारी. तोंडी "बिनखोडीची आहे" याला पुढे साक्षीदार मिळत नाहीत.

मामूंनी पुन्हा घोडी घेतली तेव्हा डॉक्टर बरोबर होते. विकणारा सात वर्षांची म्हणत होता. डॉक्टरांनी ओठ उचलून ती खाच दाखवली आणि बारा सांगितली. मामूंनी तरीही ती घेतली, कारण पाय निर्दोष होते आणि बँड वाजत असताना ती कान हलवत नुसती उभी राहिली. किंमत मात्र बारा वर्षांच्या घोडीची दिली.