पूल घरचा, नजर कोणाची?

गेल्या सांजांवाला आम्ही सगळी नातेवाईक मंडळी मांद्र्याला, पूल असलेल्या एका भाड्याच्या बंगल्यात जमलो होतो. घुमटं वाजत होती, गप्पा रंगल्या होत्या. माझी पाच वर्षांची भाची पाण्यात कधी पडली, कळलंच नाही. ना ओरडणं, ना हातपाय मारणं. बुडणारं मूल बहुतेक वेळा गप्पच बुडतं. पप्पांची नजर गेली म्हणून ती वाचली. पुलाला कुंपण नव्हतं. मालक म्हणाला, "परमिशन सगळी आहे."

मग मी परमिशन म्हणजे काय ते शोधलं. गावात बांधकाम करायचं तर 1994 च्या गोवा पंचायत राज कायद्याप्रमाणे पंचायतीचा परवाना लागतो, शिवाय नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी. पर्यटकांना खोल्या द्यायच्या तर पर्यटन खात्यात नोंदणी. हे कागद हवेतच. पण कागद एकदा तपासतात, मूल रोज खेळतं.

म्हणून खरे नियम काठावरचे. चारही बाजूंनी किमान 1.2 मीटर उंच कुंपण, आपोआप बंद होणारं फाटक आणि मुलांचा हात पोचणार नाही अशी कडी. खोली ठळक लिहिलेली. तळाच्या नळीवर घट्ट जाळी, कारण पंपाची ओढ केस धरून ठेवते. हाताशी रिंग आणि लांब काठी. पाण्याचा पीएच 7.2 ते 7.8. पावसात पाणी गढूळ होऊन तळ दिसेनासा झाला तर कोणीच उतरायचं नाही.

डिचोलीतल्या पोरांना पूल कुठला? पाण्याने भरलेले खाणीचे खड्डे मात्र आहेत. तिथे उथळ बाजूच नसते, कडा निसरड्या. तिथे नियम एकच: उतरू नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2021 मध्ये जगात सुमारे 3 लाख माणसं बुडून मेली. त्यांतली जवळजवळ पाव पाच वर्षांखालची मुलं.

आमच्या वाड्यावर सांजांवाला पोरं विहिरीत उड्या घेतात, तेव्हा एक जाणता काका दोर घेऊन काठावर उभा असतो. त्या दिवशी तो फेणीला शिवत नाही. पुलालाही असा काका हवा, मोबाईल खिशात ठेवलेला.