उंदीर वाचला, माणसाचं काय?

रायगड जिल्ह्यातल्या दहिवलीच्या शिवारात भाताचा भारा उचलताना विंचवाची धास्ती असतेच. लाल विंचू डसला की दरदरून घाम फुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. असं का होतं?

विषामुळे मज्जातंतूंमधली सूक्ष्म दारं नीट मिटत नाहीत आणि उघड्या राहिलेल्या नळासारखा ॲड्रेनालिनचा लोंढा सुरू होतो. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी साचतं.

रायगडमधल्याच महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन वापरलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने घटलं.

मग प्रतिविष कशाला? त्याची ताकद प्रयोगशाळेत उंदरांवर मोजतात. पण तिथे बहुधा विष आणि प्रतिविष आधीच मिसळून टोचलेलं असतं. रुग्ण मात्र विष अंगात भिनल्यावर दवाखाना गाठतो. हा फरक फार मोठा आहे, म्हणूनच माणसांवर केलेली तुलना मोलाची. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या महाडच्या अभ्यासात ७० रुग्णांचे दोन गट केले होते. नुसत्या प्राझोसिनवर १० तासांत ३५पैकी ८ जण पूर्ण बरे झाले. जोडीला प्रतिविष मिळालेल्या ३५ जणांत ३२. प्रतिविष रक्तात फिरणारं विष पकडतं, तर प्राझोसिन आधीच सुटलेल्या ॲड्रेनालिनचा मारा अडवतं.