भाग ३७ : सर्व्हरचं कार्ड गेलं, डिस्क ठणठणीत, मग डेटा कुठे?

(या भागाचं लेखी रूप. बोलताना सुटलेले एकदोन तपशील इथे घातलेत.)

नवा फोन घेतला की काय होतं? फोटो परत येतात, चॅट परत येतात. पण अलार्म, वायफायचे पासवर्ड, कुठल्या ॲपला कसली परवानगी दिली होती, हे सगळं पुन्हा बसून लावावं लागतं. म्हणजे डेटा वेगळा आणि सेटिंग वेगळी. सर्व्हरचंही अगदी तसंच आहे. फक्त तिथे चुकीचं बटण दाबलं तर सेटिंगबरोबर डेटाही हातचा जायची वेळ येते.

माझ्यावर ती आली होती. अंबड एमआयडीसीतला एक छोटा कारखाना, सुटे भाग बनवणारा. केबिनच्या कोपऱ्यात एक सर्व्हर, त्यावर टॅली आणि सगळी ड्रॉइंग. सातपूरला ईएसडीएसचं मोठं डेटा सेंटर आहे, तिथे असली कामं बघायला वेगळी माणसं असतात. इथे मी एकटाच. सोमवारी सकाळी शेठचा फोन, "भाऊ, सर्व्हर चालूच होत नाहीये." जाऊन बघतो तर रेड कंट्रोलर कार्ड मेलेलं.

आता हे कार्ड करतं काय? समजा दोन टीबीच्या चार डिस्क आहेत. कार्ड त्या एकत्र बांधून विंडोजला सहा टीबीची एकच डिस्क दाखवतं. उरलेल्या दोन टीबीएवढ्या जागेत पॅरिटी, म्हणजे एक डिस्क गेली तर तिच्यावरचं परत काढता येईल असा हिशोब. याला रेड ५ म्हणतात. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी 'रेड'वरचा तो गाजलेला पेपर लिहिला, तिथून हे नाव रूढ झालं. तुमची एक फाइल चारही डिस्कवर तुकड्यातुकड्यांनी पसरलेली असते. तुकडा केवढा, ६४ केबी की २५६, आणि डिस्कचा क्रम कोणता, हे माहीत नसेल तर चारही डिस्क शाबूत असून हातात नुसता भुसा.

मी त्याच कंपनीचं नवं कार्ड बसवलं. मशीन चालू केलं, तर पडद्यावर मेसेज : फॉरेन कॉन्फिगरेशन सापडलं. बरोबरचा पोरगा म्हणाला, "दादा, फॉरेन म्हणजे परकं ना? क्लिअर करून टाकू." खरं सांगतो, माझंही बोट तिकडेच चाललं होतं. पण फॉरेन याचा अर्थ इतकाच, की या डिस्कची मांडणी या कार्डाने केलेली नाही. मेगारेड जातीची कार्डं मांडणीची एक प्रत डिस्कवरच लिहून ठेवतात. नवं कार्ड ती वाचतं आणि विचारतं : इम्पोर्ट करू की क्लिअर? इम्पोर्ट केलं की जुनी मांडणी जशीच्या तशी उभी राहते. क्लिअर केलं की ती प्रत पुसली जाते.

आम्ही इम्पोर्ट केलं. टॅली उघडली. शेठनी पहिल्यांदा जीएसटीचा महिना उघडून बघितला, मग चहा मागवला.

पण गोष्ट इथे संपली नाही. दुसऱ्या दिवशी तक्रार, ड्रॉइंग सेव्ह व्हायला वेळ लागतोय. कारण इम्पोर्टमध्ये डिस्कची मांडणी येते, कार्डाच्या स्वतःच्या सेटिंग येत नाहीत. त्या मेलेल्या कार्डातच राहिल्या. अलार्म, पेट्रोल रीड, रीबिल्ड रेट, सगळं कंपनीने दिलेल्या मूळ आकड्यांवर. रीबिल्ड रेट मी कधीतरी बदलला होता, तो परत ३० टक्क्यांवर. आणि नव्या कार्डाची बॅटरी अजून चार्ज नव्हती, म्हणून राइट-बॅकऐवजी ते राइट-थ्रूवर चाललं होतं. म्हणजे प्रत्येक गोष्ट थेट डिस्कवर लिहून झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. जुने आकडे कुठे लिहिले होते? कुठेच नाही. डोक्यात होते, अर्धे.

त्या दिवसापासून हातातला कुठलाही सर्व्हर असो, सेटिंगची फाइल काढून ठेवतो. मेगारेडचं स्टोअरसीएलआय नावाचं टूल आहे. त्यात स्लॅश सी झिरो, मग 'गेट कॉन्फिग', मग 'फाइल इज इक्वल टू' आणि फाइलचं नाव. सी झिरो म्हणजे पहिलं कार्ड. परत भरायचं असेल तर 'गेट'च्या जागी 'सेट'. फाइल त्याच सर्व्हरवर ठेवू नका. घरात चावी ठेवून दार ओढून घेतल्यासारखं होईल ते. मी पेन ड्राइव्हवर ठेवतो आणि स्वतःला मेलही करतो. शिवाय कार्डाचं मॉडेल, फर्मवेअर, रेड कुठली, तुकड्याचा आकार आणि कुठल्या खाचेत कुठली डिस्क याचा फोनवर फोटो.

आता नीट ऐका. या फाइलमध्ये तुमचा डेटा नसतो, फक्त नकाशा असतो. आणि 'सेट' करण्याआधी कार्डावरची असलेली मांडणी क्लिअर करावी लागते. म्हणून डिस्कवर डेटा असेल तर आधी इम्पोर्ट, 'सेट'ला हात नाही. 'सेट' कामाचं कधी? रिकाम्या डिस्कवर तशीच मांडणी पुन्हा उभी करायची तेव्हा. डिस्कची संख्या आणि साइज तंतोतंत तीच हवी.

आणि कुणी आधीच क्लिअर दाबून बसलं असेल तर? खुर्ची मागे सरकवा, काहीही इनिशिअलाइज करू नका. क्विकसुद्धा नाही, कारण ते सुरुवातीचा भाग पुसतं. डेटा बहुतेक अजून तिथेच असतो. आधी प्रत्येक डिस्कची हुबेहूब प्रत काढायची, मग त्याच क्रमाने, त्याच आकाराने मांडणी पुन्हा बांधायची, इनिशिअलाइज न करता. चार डिस्कचे क्रम चोवीस होतात. तो खाचांचा फोटो असेल तर एकच.

अंबडच्या त्या सर्व्हरवर आता आतल्या बाजूला चिकटपट्टी आहे, तिच्यावर मार्करने लिहिलंय : 'फॉरेन आलं तर भाऊला फोन.' शेठच्या अक्षरात.