उभ्या मोटारीचा कंप : निदान व उपाय

कुंभकोणमहून मायिलादुतुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिरुभुवनम् हे रेशमी वस्त्रांच्या विणकामासाठी प्रसिद्ध असलेले गाव लागते. तेथील भव्य शिवमंदिर तिसऱ्या कुलोत्तुंग चोळ राजाने (राज्यकाल ११७८ ते १२१८) बांधविले. देवाचे नाव कंपहरेश्वर, म्हणजे कंप हरण करणारा. एका राजाचा थरकाप या देवाने दूर केला, अशी कथा आहे. त्याच मंदिरावरून जाणाऱ्या रस्त्यावर, उतारूंची वाट पाहत उभी असलेली एखादी मोटारही थरथरताना दिसते. या कंपाचे कारण मात्र शोधून काढता येते, आणि कारण सापडले की उपाय बहुधा सोपा असतो. निदान न करताच सुटे भाग बदलीत गेल्यास भाड्याच्या मोटारीवर पोट असणाऱ्याची अनेक दिवसांची कमाई व्यर्थ जाते.

कंप का उत्पन्न होतो?

चार सिलिंडरांच्या चतुर्धाव एंजिनात प्रत्येक सिलिंडरामध्ये दर दोन फेऱ्यांत एकदा इंधन पेटते. मोटार उभी असता एंजिन मिनिटास सुमारे ८०० फेरे घेते. तेवढ्या वेळात १६०० वेळा, म्हणजे सेकंदास सुमारे २७ वेळा, इंधन पेटते. इतके जलद धक्के एंजिनाखालील रबरी आधार पुष्कळसे शोषून घेतात. परंतु एका सिलिंडरातील इंधन पेटेनासे झाले, की दर दोन फेऱ्यांमागे एक धक्का हुकतो आणि एंजिन सेकंदास सहा-सात हेलकावे खाऊ लागते. असे संथ हेलकावे रबरास अडविता येत नाहीत. ते मोटारीच्या सांगाड्यात उतरतात.

वेग वाढविला की हा दोष लपतो. याचे एक कारण गतिचक्र होय. त्यात साठलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेरे ८०० वरून २४०० झाले, की ही ऊर्जा नऊपट होते, आणि एखादा हुकलेला धक्का सहज भरून निघतो.

पहिली परीक्षा : आवाज

धुराड्याच्या नळीजवळ उभे राहून आवाज ऐकावा. ठोके एकसारखे असूनही मोटार थरथरत असेल, तर दोष बहुधा आधारांत असतो. ठोका मधूनमधून तुटत असेल, तर दोष ज्वलनात आहे. यालाच कारागीर ‘मिसिंग’ म्हणतात.

आता दोषी सिलिंडर ओळखावयाचा. मुंबईत २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून धावलेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या, कार्ब्युरेटर असलेल्या मोटारींत कारागीर विद्युत्‌रोधक चिमट्याने एकेका प्लगची तार क्षणभर काढून पाहतो. चांगल्या सिलिंडराची तार काढली की एंजिन अधिक डळमळते. जिची तार काढूनही काहीच फरक पडत नाही, तोच सिलिंडर दोषी. आजच्या मोटारींत असे करू नये. त्यांत विजेचा दाब फार मोठा असतो आणि न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या उपकरणाचा नाश करते. तेथे संगणकीय तपासणी यंत्र जोडले असता दोषी सिलिंडराचा क्रमांक बहुधा मिळतो.

कारणांचा शोध

प्रथम प्लग काढून त्याचा रंग पाहावा. फिकट तपकिरी रंग निरोगीपणाचे चिन्ह होय. कोरडी काजळी असल्यास मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. तेलकट काळेपणा असल्यास वंगण सिलिंडरात शिरत आहे. दोषी सिलिंडराचा प्लग शेजारच्या सिलिंडरास लावावा. प्लगबरोबर दोषही तिकडे गेला, तर नव्या प्लगने काम भागते. कावेरीच्या खोऱ्यात ऑक्टोबर ते डिसेंबर या पावसाळी महिन्यांत, किंवा कोकणात आषाढ-श्रावणात, जुन्या तारांच्या भेगांत ओल शिरते व वीज वाटेतच गळते. रात्री अंधारात पाहिल्यास या ठिणग्या डोळ्यांना दिसतात.

दुसरे कारण चोरवाट. शोषनळीच्या जोडातून किंवा चिरलेल्या रबरी नळीतून जादा हवा आत शिरली, की मिश्रण विरळ होते. उभ्या मोटारीचे एंजिन मुळात थोडीच हवा घेत असल्याने ही चोरटी भर तेव्हा मोठी ठरते. वेग वाढला की ती नगण्य होते. संशयित रबरी नळी चिमटीत दाबून धरताच एंजिन सुधारले, तर चोरवाट सापडली.

प्लग, तार व हवा निर्दोष असतील, तर इंधन देणारा भाग तपासून मग दाबमापकाने सिलिंडरातील दाब मोजावा. तो इतरांपेक्षा कमी भरल्यास प्लगच्या छिद्रातून चमचाभर वंगण घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला, तर दट्ट्याची कडी झिजली आहेत. न वाढला, तर झडप नीट बसत नाही असे बहुधा समजावे. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदमच कमी असेल, तर त्यांमधील गॅस्केट फाटल्याचा संशय घ्यावा.

ज्वलन नीट असल्यास एंजिनाखालील रबरी आधार, ज्यांना कारागीर ‘फाउंडेशन’ म्हणतात, तपासावे. उष्णतेने व सांडलेल्या तेलाने रबर कडक होते, चिरते किंवा दबते. मग लोखंड लोखंडास टेकून कंप थेट आसनापर्यंत पोहोचतो. असा आधार बदलणे हाच उपाय.

दक्षता

बंद खोलीत एंजिन कधीही चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही व वासही नाही, आणि तो प्राणघातक आहे. पदर, उपरणे अथवा सैल बाही फिरत्या पंख्यापासून दूर ठेवावी.

आणखी एक नियम विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावा : एका वेळी एकच गोष्ट बदलावी व परिणाम पाहावा. दोन गोष्टी एकदम बदलल्यास मोटार सुधारेलही, परंतु रोग कोणता होता हे अज्ञातच राहील. प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ याच नियमाने चालतो आणि रस्त्याकडेच्या गॅरेजमधील जाणता कारागीरही.