खेळयंत्र, परदेशी दूरचित्र
खेळयंत्र, परदेशी दूरचित्र : जपान व अमेरिका येथील जुनी खेळयंत्रे (उदा., निन्टेन्डोचा ‘फॅमिली कॉम्प्युटर’, १९८३) एनटीएससी मानकाची असून त्यात सेकंदास सु. ६० अर्धचित्रे उमटतात. भारतात १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते पाल मानकानुसार; त्यात ती ५० असतात. म्हणून अमरावती-अकोल्यातील केवळ पाल मानकाच्या जुन्या संचावर असे चित्र वरखाली सरकते. नियंत्रक फिरवून ते स्थिरावले, तरी रंगवाहक कंप्रता भिन्न (३·५८ व ४·४३ मेगॅहर्ट्‌झ) असल्याने कृष्णधवल दिसते. बहुमानकी संच अथवा मानक-परिवर्तक वापरल्यास हा दोष टळतो. विद्युत् दाबातील भेद मात्र घातक असतो. १००–१२० व्होल्टचे यंत्र २३० व्होल्टवर जळण्याचा धोका असल्याने दाब उतरविणारे रोहित्र आधी जोडावे लागते.